सुखोईच्या पोटाला ब्रह्मोस: लायसन्सवर बनलेलं फायटर आपण जमिनीवर मारा करणारं कसं केलं?

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस फक्त त्याचेच व्हिडिओ फिरत होते. बरोबर तीन आठवड्यांनी, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि ग्रुपवर पुन्हा विमानांचे व्हिडिओ आले. या वेळी त्यातले बरेचसे मोबाईल गेमचे होते, पण तो वेगळा विषय.

त्या गर्दीत माझ्या चुलतभावाचा एक मेसेज आला. तो अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "दादा, सुखोई तर फायटर हाय ना? हवेत दुसऱ्या विमानाशी लढाले बनवलेलं. मग ते जमिनीवरचे तळ काहून फोडून रायलं?"

मी त्याला दोन ओळीत उत्तर दिलं: "त्याच्यात बदल केला आहे. ब्रह्मोस लावलंय." उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं. कारण खरी गंमत त्या "बदल केला आहे" या तीन शब्दांत आहे. विमान रशियाच्या डिझाईनचं, बनवलं आपण लायसन्सवर. मग त्यात बदल करायचा अधिकार कुणाचा? आणि अधिकार मिळाला तरी तो बदल करता येतो का? हा लेख म्हणजे त्या मेसेजचं पूर्ण उत्तर.

फायटर आणि ग्राउंड अटॅक: फरक काय?

हवेतल्या लढाईसाठी बनवलेल्या विमानाचं सगळं लक्ष वर आणि समोर असतं. त्याला वेग लागतो, उंची लागते, आणि शंभर-दीडशे किलोमीटरवरचं दुसरं विमान पकडणारं रडार लागतं. त्याची क्षेपणास्त्रं तुलनेने हलकी असतात, एकेक शंभर-दोनशे किलोच्या आसपास.

जमिनीवर मारा करणाऱ्या विमानाचा विचार उलटा. ते खालून, डोंगरांच्या आडोशाने जातं. पायलटला खालची जमीन नीट दिसायला हवी. खालून बंदुकीच्या गोळ्या येणार, म्हणून कॉकपिटभोवती चिलखत हवं. बॉम्ब जड असतात, म्हणून पंख आणि चाकं मजबूत हवीत. आणि आपण नेमके कुठे आहोत हे विमानाला बिनचूक कळायला हवं, नाहीतर बॉम्ब शेजारच्या शेतात पडायचा.

आपल्याकडे मोटारसायकलला डवरा जोडून डवरणी करणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. गाडी तीच, पण काम बदललं की मागच्या चाकापासून क्लचपर्यंत सगळ्यावर वेगळा ताण येतो. ज्याला गाडी उघडून वेल्डिंग करता येतं तोच हे जुगाड करू शकतो. फक्त गाडी चालवता येणाऱ्याचं ते काम नाही. विमानातही नियम हाच आहे, फक्त तिथे चूक झाली तर गाडी रस्त्याच्या कडेला लावून थांबता येत नाही.

ओझरचा कारखाना

आता कारखान्याकडे जाऊ. बडनेरा किंवा अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईकडे निघालात की भुसावळ, मनमाड करत नाशिक रोड येतं. तिथून जवळच ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा, म्हणजे एचएएलचा कारखाना आहे. १९६४ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कारखान्याचं काम होतं सोव्हिएत लायसन्सवर मिग-२१ बनवणं.

मिग-२१ हे मुळात शत्रूचं विमान अडवणारं फायटर. तरीही १९७१ च्या युद्धात त्याच्याकडून जमिनीवरचं काम करून घेतलं गेलं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटं सोडली, तेव्हा आत पूर्व पाकिस्तानच्या सरकारची बैठक चालू होती. दोन दिवसांनी ढाका पडलं. यात विमानाच्या रचनेत मोठा बदल नव्हता. आहे त्या विमानाखाली रॉकेटं लावली, बाकीचं काम वैमानिकाच्या कौशल्याने केलं.

खरा बदल दुसऱ्या एका विमानात झाला. ब्रिटिश डिझाईनचं छोटंसं नॅट विमान एचएएल बंगळूरला लायसन्सवर बनवत होतं. नॅटची अडचण अशी की टाकी लहान. लांब जायचं तर पंखाखाली जादा टाक्या टांगाव्या लागत, आणि मग बॉम्बला जागा उरत नसे. एचएएलने पंखाच्या आतच इंधन भरायची सोय केली, त्यामुळे पंखाखालची जागा बॉम्ब-रॉकेटसाठी मोकळी झाली. या विमानाचं नाव अजीत. ते १९७५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९९१ पर्यंत हवाई दलात होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अजीतच्या काळात विमानाचं डोकं म्हणजे पायलटचं डोकं. बदल करायचा म्हणजे पत्रा, टाकी, पाईप आणि वायरी बदलायच्या. ड्रॉइंग हातात असेल आणि इंजिनिअर चांगले असतील तर ते जमून जायचं.

मिग-२७: बदल होऊनच आलेलं विमान

यानंतर ओझरला आलं मिग-२७. फायटरचं ग्राउंड अटॅक विमान कसं करतात हे शिकायचं असेल तर यासारखं उदाहरण नाही, कारण मूळ मिग-२३ शेजारी ठेवून सगळे बदल मोजता येतात.

- मिग-२३ चं नाक टोकदार होतं, त्यात रडार होतं. मिग-२७ मधून रडारच काढून टाकलं आणि नाक बदकाच्या चोचीसारखं खाली उतरतं केलं, म्हणजे पायलटला खालचं दिसेल. रडारच्या जागी जमिनीवरच्या लक्ष्याचं अंतर मोजणारं लेझर आलं.
- इंजिनाला हवा देणारे झडपांचे, हलते मार्ग काढून साधे, न हलणारे बसवले. वजन वाचलं, पण वेग ध्वनीच्या सव्वादोन पटींच्या वरून १.७ पटींच्या आसपास आला. खालून उडणाऱ्या विमानाला तेवढा पुरतो.
- २३ मिलीमीटरची दोन नळ्यांची तोफ जाऊन ३० मिलीमीटरची सहा नळ्यांची आली.
- कॉकपिटच्या बाजूंना चिलखत आलं.

म्हणजे नवीन काही जोडताना जुनं काढायचंही धाडस केलं होतं. पण हा सगळा विचार केला सोव्हिएत डिझायनरांनी. एचएएलने ओझरला १६५ मिग-२७ बनवली, त्याला आपल्याकडे 'बहादूर' नाव मिळालं. जुलै १९८५ मध्ये हवाई दलाच्या २२२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे मिग-२७ आलं. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

२७ मे १९९९ ला कारगिलच्या बटालिक भागात हल्ला करताना फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन हवेतच बंद पडलं. एकच इंजिन, हिमालयातली उंची, हवा विरळ. त्यांना विमानातून बाहेर पडावं लागलं आणि काही दिवस ते पाकिस्तानच्या ताब्यात होते. खालून उडण्यासाठी घडवलेलं विमान हिमालयाच्या शिखरांवर लढवायची वेळ आपल्यावर आली, सोव्हिएत डिझायनरवर नाही. गरज आपली, पण विमान घडलं दुसऱ्याच्या गरजेप्रमाणे.

पुढे एचएएल आणि डीआरडीओने ४० मिग-२७ विमानांत नवीन संगणक आणि डिस्प्ले बसवून ती सुधारली. शेवटची विमानं २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरला निवृत्त झाली.

लायसन्सने नक्की काय मिळतं?

लायसन्स म्हणजे साधारण हे: ड्रॉइंग, भाग बनवायचे साचे, जोडणीचा क्रम, तपासणीच्या पद्धती आणि कामगारांचं प्रशिक्षण. "हा स्क्रू इथे, इतका घट्ट" हे सगळं मिळतं. "हा स्क्रू इथेच का, आणि दोन इंच सरकवला तर काय होईल" हे सहसा मिळत नाही. कारण ते ज्ञान डिझायनरच्या हिशेबांत आणि चाचण्यांच्या आकड्यांत असतं, आणि त्याचाच तो पुढे पैसा करतो.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे पटकन कळेल. माझ्या पहिल्या नोकरीत एका क्लायंटचं पंधरा वर्षं जुनं सॉफ्टवेअर आमच्या टीमकडे आलं. कोड पूर्ण हातात होता. पण एका फंक्शनमध्ये ३७ हा आकडा होता, तो का होता ते सांगणारा माणूस कंपनी सोडून गेलेला. आम्ही तो बदलला आणि तिसऱ्या दिवशी भलतीकडचे रिपोर्ट चुकायला लागले. त्या दिवसापासून "सोर्स कोड मिळाला की झालं" असं कुणी म्हणालं की मला तो ३७ आठवतो.

लढाऊ विमानांच्या चर्चेत सध्या हेच वाक्य सारखं ऐकू येतं: सोर्स कोड द्या. कोड हवाच. पण त्यासोबत चाचणीची यंत्रणा हवी, प्रत्येक निर्णयामागचं कारण हवं, आणि बदल सुरक्षित आहे असं सही करून सांगणारी माणसं हवीत. आपल्याकडे लष्करी विमानातल्या बदलांना मंजुरी देण्याचं काम बंगळूरची सेमिलॅक ही संस्था करते. तिची सही नसेल तर विमान जमिनीवरच.

सुखोई-३० एमकेआय: थोडं वेगळं लायसन्स

डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआय भारतात बनवायचा करार झाला. पुढे ऑर्डर वाढत एकूण २७२ विमानांपर्यंत गेली, त्यातली २२२ एचएएलने बनवायची होती. जोडणी ओझरला. मूळ घराणं सुखोई-२७ चं, म्हणजे हवेतल्या लढाईचं दोन इंजिनांचं मोठं फायटर.

पण या विमानात भारताने सुरुवातीलाच एक अट घातली होती. रशियन सांगाडा, इंजिन आणि रडार, पण काही उपकरणं इस्रायल-फ्रान्सची आणि काही आपली. डीआरडीओच्या 'वेट्रिवेल' प्रकल्पातून मिशन कॉम्प्युटर आला. कोणतं शस्त्र निवडलं, लक्ष्य कुठे आहे, पायलटच्या पडद्यावर काय दिसावं, हे सगळं हा संगणक सांभाळतो. तेव्हा ही बातमी पेपरच्या आतल्या पानावर गेली असेल. पंधरा वर्षांनी तिचं महत्त्व कळलं.

अडीच टनांचं ओझं

ब्रह्मोस हे भारत-रशियाच्या संयुक्त कंपनीचं क्षेपणास्त्र. पहिली चाचणी १२ जून २००१ ला झाली. वेग ध्वनीच्या २.८ पट, पल्ला ३०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अकोल्याहून डागलं तर नागपूर त्याच्या पल्ल्यात येतं आणि तेवढं अंतर ते पाच मिनिटांच्या आत कापतं.

जमिनीवरून आणि जहाजावरून डागायच्या ब्रह्मोसचं वजन साधारण तीन टन. विमानासाठी ते अडीच टनांवर आणलं: सुरुवातीचा धक्का देणारं रॉकेट लहान केलं, कारण विमान त्याला आधीच उंची आणि वेग देतं. हवेत सोडल्यावर ते स्थिर राहावं म्हणून मागे पंख लावले. तरीही अडीच टन म्हणजे दोन-तीन मारुती कार, आणि लांबी आठ मीटरच्या वर. सुखोईसारखं मोठं विमानही असं एकच क्षेपणास्त्र नेऊ शकतं, तेही बरोबर मध्ये, दोन इंजिनांच्या मधल्या जागेत पोटाखाली.

काम तीन प्रकारचं होतं. हवाई दलाने २०१९ मध्ये स्वतःच सांगितलं की यांत्रिक, विद्युत आणि सॉफ्टवेअर असे तिन्ही बदल करावे लागले. यांत्रिक आणि विद्युत बदल एचएएलने केले, सॉफ्टवेअर हवाई दलाच्या इंजिनिअरांनी लिहिलं.

यांत्रिक म्हणजे पोटाकडचा सांगाडा मजबूत करणं आणि क्षेपणास्त्र धरून ठेवणारा, वेळेला सोडणारा लाँचर बसवणं. विद्युत म्हणजे क्षेपणास्त्राला वीज आणि माहिती देणाऱ्या केबल्स, कनेक्टर. ऐकायला सोपं. पण विचार करा: विमान वळणात असताना त्यातल्या प्रत्येक वस्तूचं वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखं होतं. अडीच टन मग दहा टनांसारखे ओढतात. आणि क्षेपणास्त्र सुटलं त्या क्षणी अडीच टन अचानक गायब. मागे बसलेला माणूस चालत्या स्प्लेंडरवरून एकदम उतरला तर हँडल कसं हलतं, तसं. विमान त्या क्षणी डगमगता कामा नये, आणि खाली पडणारं क्षेपणास्त्र विमानाच्याच पोटाला घासता कामा नये. आधी ते मोकळं खाली पडतं, विमानापासून दूर जातं, आणि मगच त्याचं रॉकेट पेटतं.

२५ जून २०१६ ला ब्रह्मोस पोटाला लावलेलं सुखोई ओझरहून पहिल्यांदा उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरात जहाजासारख्या लक्ष्यावर पहिला मारा झाला. २२ मे २०१९ ला जमिनीवरच्या लक्ष्यावर. एका फायटरचं जमिनीवर दूरवर मारा करणारं विमान झालं ते या तीन वर्षांत.

सगळ्यात अवघड भाग दिसतच नाही

त्याच २०१९ च्या निवेदनात हवाई दलाने एका अडचणीचं खास नाव घेतलं होतं: ट्रान्सफर अलाइनमेंट. हे जरा समजून घेऊ, कारण हे तुमच्या खिशातल्या फोनशी संबंधित आहे.

बोगद्यात गेलात की फोनचा जीपीएस जातो, तरी नकाशावरचा निळा ठिपका थोडा वेळ पुढे सरकत राहतो. कारण फोनमध्ये हालचाल मोजणारे सेन्सर असतात. शेवटची जागा माहीत असेल तर "इतका वेग, इतकं वळण" असा हिशेब करून ते नवीन जागा सांगतात. अडचण अशी की सुरुवातीची दिशा जराशी चुकली तर चूक प्रत्येक मीटरला वाढत जाते.

हिशेब करून पाहा. दिशा फक्त ०.१ अंशाने चुकली तर ३०० किलोमीटरवर तुम्ही सव्वापाचशे मीटर बाजूला असता. पुढे उपग्रह आणि क्षेपणास्त्राच्या नाकातला शोधक काही चूक सुधारतात, पण सुरुवातच वाकडी असेल तर त्यांच्यावर किती ओझं टाकणार?

क्षेपणास्त्राला ही सुरुवातीची जागा, दिशा आणि वेग कोण सांगणार? विमान. विमानाला स्वतःची जागा चांगली माहीत असते. मग ती कॉपी करून दिली की झालं ना? नाही. क्षेपणास्त्र विमानाच्या सेन्सरपासून काही मीटर लांब, पोटाखाली लटकलेलं असतं. बसवताना त्याचा कोन किंचित इकडेतिकडे असतो. उडताना सांगाडा लवतो, लाँचर थरथरतो. विमानाची दिशा आणि क्षेपणास्त्राची दिशा तंतोतंत एक नसते.

आता समजा तुम्ही गाडीच्या डॅशबोर्डवर फोन जरासा तिरपा चिकटवला आहे. गाडी सरळ, एकाच वेगाने चालली असेल तर फोनला स्वतःचा सगळा तिरपेपणा कळणार नाही. पण गाडी वळली, ब्रेक लागला की गाडीला जाणवलेला धक्का आणि फोनला जाणवलेला धक्का यांत फरक पडेल. तो फरक वारंवार मोजला की फोन किती तिरपा आहे ते काढता येतं. ट्रान्सफर अलाइनमेंट म्हणजे हेच. विमान आणि क्षेपणास्त्र दोघांचे सेन्सर एकाच हालचालीबद्दल काय म्हणतात ते सेकंदाला कितीतरी वेळा ताडून पाहायचं, थरथर वेगळी काढायची, आणि उरलेला खरा तिरपेपणा क्षेपणास्त्राला सांगायचा. यासाठी वापरतात ते गणित बहुतेक कालमन फिल्टरच्या घराण्यातलं. १९६० मध्ये मांडलेलं हे गणित चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत होतं आणि आज तुमच्या फोनच्या नकाशातही असतं.

हे गणित इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मिळतं. पण ते या विमानात चालवायला मिशन कॉम्प्युटरमध्ये हात घालता यायला हवा. संगणक पूर्ण परक्याचा, कुलूपबंद असता तर यासाठी मॉस्कोला विचारावं लागलं असतं आणि ते सांगतील ती रक्कम आणि ते देतील ती तारीख मान्य करावी लागली असती. अजीतच्या वेळी बदलाची किल्ली ड्रॉइंगमध्ये होती. सुखोईच्या वेळी ती सॉफ्टवेअरमध्ये गेली, आणि तिची एक प्रत आपण आधीच मागून ठेवली होती.

२० जानेवारी २०२० ला तंजावरला ब्रह्मोसवाल्या सुखोईंची स्क्वाड्रन सुरू झाली. तिचा क्रमांक २२२. तीच स्क्वाड्रन, जिच्याकडे १९८५ मध्ये मिग-२७ आलं होतं. तेव्हा दुसऱ्याने बदललेलं विमान तिच्याकडे आलं, या वेळी आपण बदललेलं.

मे २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानचे पंतप्रधान शाहबाज शरीफ यांनी अझरबैजानमधल्या भाषणात सांगितलं की ९-१० मेच्या रात्री भारताने ब्रह्मोस डागले आणि रावळपिंडीच्या विमानतळासह अनेक ठिकाणं त्यात सापडली. आणि हवेतून ब्रह्मोस डागू शकणारं आपल्या हवाई दलाकडचं विमान एकच, सुखोई-३० एमकेआय.

मग अडचण कुठे आहे?

इथे थांबून टाळ्या वाजवल्या तर लेख अर्धवट राहील. पहिली अडचण साध्या मोजणीची. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२ आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि संख्या २९ वर आली. पोटाखाली अडीच टन घेऊन निघालेलं सुखोई त्या वेळी आकाशाची राखण करणारं सुखोई नसतं. जिथे विमानंच कमी आहेत तिथे एकाच विमानाला दोन कामं दिल्याने विमानांची संख्या वाढत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोई ओझरला बनवायचा सुमारे १३,५०० कोटींचा करार झाला. उपकरणं धरून एक विमान अकराशे कोटींच्या वर. त्यात देशी वाटा ६२.६ टक्के असेल असं संरक्षण मंत्रालयाने सांगितलं.

दुसरी अडचण उरलेल्या भागांची. इंजिन आजही रशियन डिझाईनचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा २४० इंजिनांसाठी २६,००० कोटींहून मोठा करार झाला. ती ओडिशात कोरापूटला बनतील, पण लायसन्सवरच. सांगाड्याची मूळ गणितं सुखोईची. रडार बदलून देशी 'विरूपाक्ष' बसवायची योजना आहे. ती पूर्ण झाली तर विमानाचे डोळेही आपले होतील. हृदय तरीही परकंच राहील.

तिसरी गोष्ट तेजसची. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या नव्या लाईनवर बनलेलं पहिलं तेजस मार्क १-ए उडालं. या लाईनची क्षमता वर्षाला आठ विमानांची. परक्या लायसन्सवर साठ वर्षं विमानं बनवणाऱ्या कारखान्यात आता आपल्या डिझाईनचं विमान बनतंय. यात उड्डाण नियंत्रणाचं सॉफ्टवेअरही आपलं. म्हणजे नवीन क्षेपणास्त्र लावायचं तर परवानगी मागायची गरज कमी. पण इंजिन अमेरिकेच्या जीईचं, आणि ती इंजिनं उशिरा आल्यामुळे सगळं वेळापत्रक मागे पडलं. कुलूप एका दरवाजावरून काढलं की दुसऱ्या दरवाजावर दिसतं.

त्यामुळे पुढच्या वेळी "भारत अमुक विमान बनवणार" अशी बातमी आली की किती टक्के स्वदेशी एवढंच पाहू नका. तीन प्रश्न विचारा. यात नवीन शस्त्र लावायचं ठरलं तर सॉफ्टवेअर कोण बदलणार? त्या बदलाची चाचणी कुठे होणार? आणि इंजिन बंद पडलं तर फोन कुणाला करायचा? या तिन्हींची उत्तरं देशातली असतील तर ती बातमी मोठी.

चुलतभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे दादा, ते कालमन फिल्टर आमच्या सिलॅबसले होतं. मी ऑप्शनले टाकलं होतं." सध्या तो सेमिस्टरच्या पुस्तकातलं तेच प्रकरण काढून बसला आहे. जुना अँड्रॉइड फोन आणि स्प्लेंडरचं हँडल घेऊन तिरपेपणा मोजायचा प्रयोगही सुरू आहे. अजून तरी त्याचं उत्तर चार अंशांनी चुकतंय.